सतरा लेबलं

फॉर्ममध्ये सतरा रकाने.
पूर्ण नाव. बापाचं नाव. जन्मगाव.
मालक कोण. खोलीत माणसं किती.
शेवटचा पगार कुठल्या महिन्यात मिळाला.
फ्रेमवर्क शहाणं, लेबलं आपणहून छापतं,
पण छापतं उघडीबोडकी,
ना रंग, ना रुंदी, ना क्लास.

जवादसाहेब म्हणाले, लेबलं ठसठशीत दिसू देत,
सक्तीच्या रकान्यांना तांबडा तारा,
आणि आजच.
मनामातला गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच,
खाली मनी एक्स्चेंजपुढे रांग,
काचेवर धुळीची पिवळट साय.

मी सोपा रस्ता धरला.
सतराच्या सतरा लेबलं टेम्प्लेटात हातानं लिहिली,
एकाच ताग्यातून घरातल्या सगळ्या पोरांना
ईदचे कपडे शिवावेत
तसा प्रत्येकाला क्लास दिला.
गोड दिसली. ओळीत उभी राहिली.

हबीबुल चहा घेऊन आला.
म्हटलं, तुझ्या मोबाईलवर भरून बघ.
काच तडकलेली. अंगठा रुंद,
चहाच्या आधी अकरा वर्षं त्यात सिमेंट मुरलेलं.
बारीक रकाना सापडेना, तेव्हा त्यानं
"बापाचं नाव" ह्या शब्दांवरच अंगठा टेकवला.
काही झालं नाही.
पुन्हा टेकवला.
मग माझ्याकडे बघून हसला,
चूक आपलीच असणार, असं ते हसू.
अब्बांच्या तोंडावर मी ते
प्रत्येक काउंटरपुढे पाहिलंय.

लेबलाच्या पोटात एक धागा असतो.
आपण कुठल्या रकान्याचे, हे त्याला त्या धाग्यानं कळतं;
लेबलाला शिवलं की रकाना जागा होतो.
मी कपडे शिवले आणि धागा कापला.

अब्बा कतारला फिटर होते.
दर दोन वर्षांनी एक खोका यायचा, हिरव्या नायलॉन दोरीत करकचून,
चारी बाजूंना मार्करनं:
इब्राहिम दाऊद सरगुरोह, मु. पो. पंदेरी, ता. मंडणगड.
मी वाचायला शिकले ती त्या खोक्यावर.
चारदा लिहायचे, कारण
एक बाजू घासली तरी तीन उरतात.
पासपोर्टाच्या कारकुनानं मात्र एकदाच लिहिलं,
आणि आजोबांना आडनावाच्या रकान्यात बसवलं.
तेव्हापासून सरकारदरबारी मी सरगुरोह नाही,
नुसती दाऊद.
लेबल एक, आत माणूस दुसरा.
विमानतळावर दाऊद म्हणून हाक आली
की अजून मागे वळून बघते,
आजोबा आलेत का.

सतरा ओळी पुसल्या.
सहा ओळींचा फिल्टर लिहिला.
फ्रेमवर्कला सांगितलं, बाबा रे,
लेबल तुझं तूच छाप, धागा तुझा तूच सांभाळ,
दाराबाहेर पडताना
फक्त हा सदरा अंगात घाल.
त्यानं ऐकलं. यंत्रं ऐकतात,
नीट सांगितलं तर.

मग अरबी पान उघडलं
आणि तांबडा तारा भलत्याच टोकाला.
इथं अक्षरं उजवीकडून चालत येतात, मी विसरले होते,
सात वर्षं राहून.
डावं-उजवं खोडलं, "आरंभ" लिहिलं.
आरंभ कुठं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

चहा गार झाला होता.
हबीबुलनं शब्दांवर अंगठा टेकवला
आणि रकान्यात कर्सर लुकलुकला.
"चलता है," तो म्हणाला, माझ्याहून जास्त खूष.
एकेक अक्षर शोधत बापाचं नाव लिहायला लागला,
मध्येच थांबला.

"आपा, मरहूम आधी लिहू की नंतर?
की त्याचा रकाना वेगळा?"

जवादसाहेब तोवर घरी गेले होते.
मी सतरा लेबलं वरपासून खालपर्यंत
पुन्हा एकदा वाचली.